पाण्याच्या वेळेवर

सुदुंबऱ्यापासून समुद्र लांब आहे. मध्ये अख्खं मावळ, मावळाच्या कडेला सह्याद्री, घाट उतरला की खोपोली-पेणचा सखल पट्टा, आणि त्याच्याही पुढे गेल्यावर कुठे अंगाला खारा वारा लागतो. गावाला पाणी म्हणजे सुधा नदी आणि थोडं पलीकडे इंद्रायणी. संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या गावात आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी उतरवून घेतले, त्या संताजींचं गाव असल्यामुळे इथे अनेक घरांत तुळशीची माळ आहे. माझ्या आईच्या गळ्यातही आहे. आणि माणसांना मासे धरायला समुद्रावर घेऊन जाणं हा माझा व्यवसाय आहे, त्यावर आमचं घर चालतं.

चाकण, तळेगाव, हिंजवडीच्या कंपन्यांतली तीन-चार माणसं ठरवतात आणि मला फोन करतात. गाडी माझी. रॉड, रील, ल्युअर म्हणजे नकली आमिषं, लाइफ जॅकेट माझी. होडी रेवदंड्याच्या एका तांडेलकाकांची. ते वडिलांच्या वेळेपासून कुंडलिका नदीच्या मुखाशी डोल जाळी लावत आलेले. रात्री निघायचं, उजाडायच्या आधी पाण्यावर असायचं, दुपारी धक्क्याला लागायचं. गिऱ्हाइकं मला गाइड म्हणतात आणि मासा कुठे आहे हे मला ठाऊक असणार असं धरून चालतात. मासा कुठे आहे हे काकांना ठाऊक असतं. मी त्या चार माणसांना पाण्याच्या वेळेवर तिथे आणून उभं करतो आणि ती वेळ सरेपर्यंत धीर धरायला लावतो. आठवडाभर शिफ्टच्या भोंग्यावर आणि मीटिंगच्या वेळेवर जगणाऱ्या माणसाला हे दुसरं घड्याळ मान्य करायला लावणं सोपं नसतं. मीही चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होतो, म्हणून मला त्यांची घाई कळते.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, “येत्या शनिवारी जमेल का?” मी पंचांग उघडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असलेला हिशेब असा की तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा-सव्वासहा तास. मोबाइलवर मिनिटामिनिटाचं कोष्टक मिळतं आणि तेही मी बघतो. पण काकांना फोन केला की बोलणं तिथीतच होतं, आणि दोन्हींत फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघतो.

नुसती वेळ कळून भागत नाही, पाण्याचा जोर कळावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. आपल्या या किनाऱ्यावर तेव्हा पाणी चार मीटर आणि त्याहूनही जास्त चढतं-उतरतं, खाडीचं मुख गढूळ होतं, ल्युअर तळाला जायच्या आत वाहून जातो. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी चढल्यासारखं करतं, उतरल्यासारखं करतं, पण त्याला ओढ नसते, आणि ओढ नसली की मासाही तोंड उघडत नाही. मला हवे असतात मधले दिवस. उधाण ओसरत आलेलं, चतुर्थी, पंचमी, फार तर षष्ठी. पंचमीला पावणेचारला भरती पूर्ण होते आणि पहाटेपासून सकाळी दहापर्यंत पाणी सुकत जातं. हे सुकतं पाणी खाजणातून, तिवरांच्या मुळांमधून, खारबंदिस्तीच्या उघाड्यांतून खाडीत उतरतं आणि येताना करंदी, बोईटाची पिल्लं, बारीकसारीक सगळी मासळी खाली घेऊन येतं. मोठा मासा त्याच वाटेवर, खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून थांबलेला असतो. आमची सगळी ट्रिप या चार-पाच तासांवर उभी असते.

म्हणून सुदुंबऱ्यातून रात्री एकच्या सुमाराला निघावं लागतं. त्याआधी संध्याकाळी सामान लावून ठेवतो. प्रत्येक रीलची दोरी पहिले काही हात बोटांतून ओढून बघायची. खडकाला घासून कुठे खरखरीत झाली असेल तर तेवढा भाग कापून टाकायचा. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ४० पाउंडांची, पुढे हातभर-दोन हात लीडर ६० पाउंडांचा, कारण जिताडा या माशाच्या तोंडाची कड कानशीसारखी असते. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करतो. बार्ब नसला तर मासा निसटेल, असं नवा माणूस म्हणतो. दोरी ताणलेली ठेवली तर निसटत नाही. आणि होडी हलत असताना तोच गळ शेजाऱ्याच्या दंडात घुसला तर तो बाहेर काढणं किती सोपं जातं, हे ज्याने एकदा पाहिलं आहे तो पुन्हा विचारत नाही.

घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतो. गाडीत आणखी एक पिशवी असते, इंद्रायणी तांदळाची. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला. काकांच्या घरी त्याच्या मऊ भाताचं कौतुक आहे. बदल्यात ते मला त्यांच्या दारची सुपारी आणि नारळ देतात. मासा देत नाहीत. आईने मला या कामापासून कधी अडवलं नाही, फक्त घरात मासा आणायचा नाही एवढं एकदा सांगितलं आणि ते काकांनाही माहीत आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातला मासा धरायचा नसतो, हे आमच्या पट्ट्यात कुणी शिकवावं लागत नाही. मार्गशीर्षात संताजी महाराजांची पुण्यतिथी येते. त्या दिवसांत पाणी कितीही चांगलं असलं तरी मी ट्रिप घेत नाही.

एक्स्प्रेस-वेवर मागची माणसं झोपतात. लोणावळ्याजवळ वळवण मागे पडतं. तिथे टाटांचं महाशीर संवर्धनाचं केंद्र आहे, १९७० च्या दशकापासून तिथे महाशीरची पिल्लं तयार करून नद्या-तलावांत सोडली जातात. खंडाळ्याचा घाट उतरताना मला दर वेळी पाण्याची आठवण होते. आमच्याकडचं पाणी पूर्वेला जायचं. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, तिथून बंगालच्या उपसागरात. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली आणि त्यातलं बरंच पाणी पश्चिमेला वळवून वीज केली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. लोणावळा-वळवणचं पाणी खोपोलीतून पाताळगंगेत जातं, आंध्रा नदीचं पाणी भिवपुरीवरून उल्हासेत, आणि मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून कुंडलिकेत. मुळशीच्या त्या धरणासाठी जमिनी गेल्या, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, आणि तरी धरण झालं. कोलाडला रोज सकाळी जे राफ्टिंग चालतं ते भिऱ्याहून सोडलेल्या याच पाण्यावर. तेच पाणी पुढे रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत येतं. मी ज्या पाण्यावर चार पैसे कमावतो त्यात मुळशीच्या बुडालेल्या गावांचं पाणी आहे. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, घाटात कुणी जागं असेल तर तिथेच, नाहीतर होडीत. काही जण ऐकतात. एकदा एका इंजिनिअरचं आजोळ मुळशी खोऱ्यातलंच निघालं. तो बराच वेळ रॉड मांडीवर ठेवून नुसता पाण्याकडे बघत होता, आणि त्या सकाळी मी त्याला ल्युअर टाका असं म्हटलं नाही.

पेण, वडखळ, अलिबाग, चौल. रेवदंड्याला पोचतो तेव्हा अंधारच असतो. काका धक्क्यावर बिडी ओढत बसलेले असतात. होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, माणसं न्यायचा मेरिटाइम बोर्डाचा परवाना असलेली. त्यांचा पुतण्या खलाशी म्हणून बरोबर. पहिलं काम लाइफ जॅकेटचं. आमच्या गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. महापुरात, दरडीत, इमारत पडली की तिथून गाड्या निघतात, आणि नारिंगी कपड्यांतली ती माणसं आम्ही रोज बघतो. ज्यांना पट्टीचं पोहता येतं ते जवानसुद्धा जॅकेटचे पट्टे आवळल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. त्यामुळे “मला पोहता येतं” हे वाक्य माझ्यासमोर चालत नाही. पट्टे मी स्वतः ओढून बघतो. ज्यांना बोट लागते त्यांना आल्याचा तुकडा देतो आणि होडीच्या मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर ठेवून बसायला सांगतो.

पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. त्याने पाणी गप्प राहतं. काका इंजिन अर्ध्यावर ठेवून बाहेर काढतात. डाव्या हाताला कोर्लईचा डोंगर काळा दिसतो, त्याच्यावर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, पायथ्याशी दीपगृह. त्या डोंगराखालच्या गावात आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. मागे साळावचा पूल, कारखान्याच्या जेटीकडे जाणाऱ्या बार्जचे दिवे. खाडीच्या मुखात डोलींचे खुंट ओळीने उभे असतात. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची पिशवीसारखी जाळी, प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली. पाण्याची ओढ असेल तोवरच ती उघडी राहते. तीही तिथीवरच चालते, उधाणाला लावायची आणि भांगाला काढून ठेवायची. कुणाची डोल कुठे आहे हे काकांना अंधारातही कळतं. त्या ओळीत आमचा एकही ल्युअर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची एकच अट आहे. हौशी माणसाचा गळ अडकून जाळं फाटलं तर त्या घरचा दिवस बुडतो. मी गिऱ्हाइकांना हे निघायच्या आधी सांगतो, होडीत सांगतो, आणि खुंट दिसायला लागले की पुन्हा सांगतो.

जागेवर पोचल्यावर लगेच टाकायला मिळेल असं सगळ्यांना वाटतं. काका इंजिन बंद करतात, नांगर टाकतात आणि काहीच करत नाहीत. पाण्यावरून वाहत जाणारा फेस कुठे वळतो, कुठे थबकतो, ते बघत राहतात. कधी हात पाण्यात घालून ठेवतात. “पानी अजून वर हाय, थांबा जरा,” एवढंच म्हणतात. ही दहा-पंधरा मिनिटं माझ्यासाठी सगळ्यात अवघड. पैसे भरून, झोप मोडून आलेली माणसं हातात रॉड घेऊन उभी आणि म्हातारा पाण्याकडे बघत बसलेला. कुणीतरी हळूच मला विचारतं, “दादा, सुरू करूया का?” मी नाही म्हणतो. त्या वेळात मी त्यांना गाठ मारायला लावतो, रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरीवरचा ब्रेक, तपासायला लावतो, खडकाच्या कोणत्या बाजूला ल्युअर पडला पाहिजे ते दाखवतो. लवकर टाकलेल्या दहा ल्युअरांनी जागा बिथरते आणि मग खरी वेळ आली तरी मासा हलत नाही. काकांनी हे मला कधी समजावून सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर बसून बसून ते माझ्या ध्यानात आलं.

मग खडकाच्या कडेला एक भोवरा दिसायला लागतो, बोईटाची पिल्लं पाण्याबाहेर सांडल्यासारखी उडतात, कुरव पक्षी ओरडत खाली येतात. काका बिडी विझवतात. “आता.”

सगळ्यांना मासा मिळतो असं नाही. बऱ्याचदा पहिला येतो तो शिंगाळा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा हातात गेला तर दिवसभर ठणका लागतो, म्हणून त्याला मी किंवा पुतण्याच पकडीने सोडवतो. कधी खडकातून तांबोशी येते, लालभडक, धरल्या धरल्या पुन्हा कपारीत शिरू पाहणारी. कधी रावस. पण जिच्यासाठी माणसं रात्र जागून येतात ती मासळी म्हणजे जिताडा. रायगडात जिताड्याचा मान मोठा. पेण-अलिबागकडे त्याची पिल्लं भरतीबरोबर खाजणात शिरतात, लोक ती शेततळ्यात वाढवतात, आणि पाहुण्याला किंवा सोयऱ्याला द्यायचा मासा म्हणून त्याची वेगळी किंमत आहे.

जिताडा ल्युअरवर येतो तेव्हा हाताला कळण्याआधी कानाला कळतं. पाण्याखाली ठप्प असा बंद आवाज होतो, कारण तो चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. पुढच्या क्षणी दोरी खडकाकडे सरकते. नवा माणूस घाबरून रॉड वर उचलतो, आणि नेमका तेव्हाच मासा पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झाडतो. मी ओरडतो, “खाली, रॉड खाली, पाण्याला समांतर!” ड्रॅग सोडायचा नाही, रील वेड्यासारखी फिरवायचीही नाही. तो खेचेल तेव्हा द्यायचं, थांबेल तेव्हा घ्यायचं. काका मागून न सांगता नांगर सोडतात आणि होडी खडकापासून लांब नेतात. गिऱ्हाइकाचं त्याकडे लक्ष नसतं. मासा मिळतो तो बहुतेक वेळा या एका हालचालीमुळे.

होडीजवळ आल्यावर तो पहिल्यांदा नीट दिसतो. पाठ काळपट हिरवी, कुशी चांदीची, आणि पहाटेच्या उजेडात डोळा तांबूस चमकतो. मी ओठाला ग्रिपर लावतो, पण त्यावर उचलत नाही. एवढं वजन एका जबड्यावर टांगलं तर आतल्या आत मोडतं आणि सोडलेला मासा नंतर मरतो. दुसरा हात पोटाखाली, हाताला ओला पंचा. कल्ल्याच्या झाकणाला बोट लागू द्यायचं नाही, तिथली कड पात्यासारखी कापते. बार्ब नसल्यामुळे गळ एका हिसक्यात निघतो. फोटो काढायचा असेल तर माणसाने आधी तयार राहायचं. मासा पाण्याबाहेर येईल तो एका श्वासापुरता. आपण स्वतः श्वास रोखून धरायचा आणि आपल्याला घ्यावासा वाटला की मासा पाण्यात, असं मी सांगतो. हे सगळे पाळतात.

आता खरा प्रश्न येतो. “दादा, घरी नेऊया ना?”

लहान-मध्यम मासा असेल, काकांनी मान हलवली, तर एखादा ठेवतो. मोठा जिताडा मी ठेवू देत नाही, आणि ही अट बुकिंग घेतानाच सांगितलेली असते. कारण असं की हा मासा जन्माला येतो तो नर म्हणून. पहिली काही वर्षं तो नरच असतो, मग वाढता वाढता मादी होतो. साधारण तीन फुटांच्या पुढचा जिताडा बहुतेक मादीच. पावसाळ्याच्या तोंडाला या माद्या खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, एकेक मादी लाखोंनी. तीच पिल्लं भरतीबरोबर आत खाजणात, उघाड्यांतून शेतात जातात आणि पेण-अलिबागच्या तळ्यांत वाढतात. म्हणजे सगळ्यांत मोठा मासा घरी नेला की नेमकी आईच गेली. फोटोत सगळ्यांत मोठा दिसणारा मासाच सोडायचा, हे पुष्कळांच्या गळी उतरत नाही. मी हुज्जत घालत नाही, ही गोष्ट सांगतो आणि तोवर मासा पाण्यात धरून ठेवतो, डोकं प्रवाहाकडे करून, कल्ल्यांतून पाणी जाईल असा. हळूहळू त्याचं शेपूट ताठ होतं. ज्याने धरला त्यालाच मी तो हातात द्यायला लावतो. शेपटीचा एक फटका मनगटाला बसतो आणि हात रिकामा होतो. या क्षणी बहुतेक माणसांचा आग्रह संपतो. ज्यांचा संपत नाही ते पुन्हा माझ्याबरोबर येत नाहीत, आणि मला त्याची खंत नाही.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं मी म्हणणार नाही. गळ खोल गेला असेल, उन्हात फार वेळ झुंजला असेल, तर तो उलटा होतो. असा मासा काकांच्या घरी जातो. माळकऱ्याच्या घरातला असून मी हे काम का करतो, असं गावात विचारणारे आहेत. माझं उत्तर मी कामातच शोधत आलो आहे. कमी वेळ झुंजवणं, जाड दोरी वापरणं, बार्ब मोडणं, ऊन चढलं की थांबणं. आईपुढे एवढंच सांगता येतं.

दहाच्या सुमाराला पाणी थबकतं. खडकांचे पाय उघडे पडतात, शेवाळ वाळायला लागतं, आणि होडी नांगरावर कुठल्याच बाजूला ओढ घेत नाही. आता कितीही महागडा ल्युअर टाका, उपयोग नसतो. रॉड खाली ठेवायला सांगतो. माझी भाकरी-चटणी निघते, काकांच्या डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. गिऱ्हाइकं दोन्ही डब्यांत हात घालतात. या अर्ध्या तासात काका बोलतात. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासळी ओढणाऱ्या मोठ्या बोटी, ज्यांच्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि तरी ज्यांचा उजेड रात्री क्षितिजावर दिसतो. डिझेलचा भाव. पुतण्याला कारखान्यात चिकटायचंय, त्याला डोलीत रस नाही. कोणत्या नक्षत्रात करंदी येते, कोणत्या वाऱ्याने खाडीत शेवाळ शिरतं. यातलं थोडंफार मी घरी येऊन वहीत लिहून ठेवतो. त्यांच्या घरात दुसरं कुणी ते मागणारं नाही, आणि माणूस गेला की ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाणार आहे. काकांनी एकदा वही बघितली, वाचायला लावली, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. तेव्हापासून ते बोलता बोलता थांबून विचारतात, “लिवलंस का?”

अकरानंतर पाणी परत भरायला लागतं आणि तासभर खडकाच्या दुसऱ्या अंगाला बरी संधी असते. त्यापुढे वारा फिरतो. मतलई पडतो, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, लाटांना पांढरे तुरे येतात. काका रॉड गोळा करायला सांगतात तेव्हा “आणखी एकच टाकतो” हे मी चालू देत नाही. वाऱ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो मी गिऱ्हाइकाच्या नाराजीवर सोडत नाही. जून आणि जुलैत तर प्रश्नच नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. तेव्हा मी रील उघडून तेल घालतो, गावात भाताची लावणी असते. अंडी घालायचे दिवस नेमके तेच, म्हणून ही बंदी मला जाचक वाटलेली नाही.

धक्क्याला लागल्यावर हिशेब. मासा मिळाला असो वा नसो, काकांचे आणि पुतण्याचे पैसे मी सगळ्यांत आधी, गिऱ्हाइकांच्या देखत देतो. देखत देण्याला कारण आहे. ज्याच्या ज्ञानावर दिवस उभा राहिला तो माणूस होडी चालवणारा म्हणून फोटोच्या कडेला राहतो. तळेगावला पोचेपर्यंत फोटो सगळीकडे जातात आणि त्यांत माझं नाव असतं. त्यामुळे मी एक प्रघात पाडला आहे. मासा सोडण्याआधीचा फोटो निघतो तेव्हा मासा धरणाऱ्याच्या शेजारी काका बसलेले पाहिजेत. ते लाजतात, टोपी सारखी करतात, पण बसतात.

संध्याकाळी सुदुंबऱ्यात अंगणात नळाखाली रील धुतो. गोड्या पाण्याची बारीक धार, जोराची नाही, नाहीतर मीठ आत ढकललं जातं. ल्युअरच्या कड्या पुसून तेलाचा बोळा फिरवतो. त्यातच फोन येतो. परवा असाच एक आला, सहा जणांचा गट, पुढच्या महिन्यातला रविवार हवा, आगाऊ पैसे लगेच पाठवतो म्हणाले. पंचांग बघितलं तर त्या रविवारी अष्टमी. भांगाचं पाणी. त्यांना सांगितलं की या दिवशी येऊ नका, त्याच्या आधीचा गुरुवार घ्या. सुट्टी नाही मिळणार, दुसरीकडे बघतो, म्हणाले. मग काकांना फोन लावला आणि गुरुवारी रिकामा आहे म्हणून सांगितलं.

“गुरवारी पंचमी,” काका म्हणाले. “कुनी नसलं तरी ये. जितारा बघू. आनि तांदूळ संपलाय.”